देवलगुड्याची सकाळची गाडी

६ जानेवारी, मंगळवार
बम थंडी. पावणेसहाला डेपो सोडला. देवलगुड्याला जाताना गाडीत मी, ड्रायव्हर रहीमभाऊ आणि कोणाच्या तरी मिरचीच्या रोपांच्या दोन टोपल्या. परतीला सात माणसं. देवलगुड्याचे चार आणि मोहटोला फाट्यावरच्या तीन शाळेच्या पोरी. एवढ्या मोठ्या गावातून चार!
र.भाऊ म्हणे, "मंगलाबाई, उद्यापासून आपण काळीपिवळीच आणू. डिझल तरी वाचन." त्याला थट्टा सुचते. मला सकाळी सकाळी रिकाम्या सीटा पाहिल्या की डोकंच फिरते.

८ जानेवारी
खांद्याला तिकिटाच्या मशीनच्या पट्ट्याचा वळ. बाम लावला. बाकी काही नाही.

१२ जानेवारी, सोमवार
देवलगुड्याला गाडी फिरवली की पंधरा मिनिटं मिळतात. चहा घेत घेत आज मेन गल्लीतून चालत गेले. काय माय, एकेक नवल! जिथे बैलगाडी उभी असायची तिथे चारचाकी. एकाने गोठ्यातून गाय बाहेर काढून आत गाडी घातलीय, वर जुन्या लुगड्याची झूल. कोणाची जमीन खाणीत गेली त्याचे पैसे आले, कोणाचा पोरगा मोहर्लीला सफारीवर लागला, कोणी फायनान्सवाल्याच्या नादी लागला. आणि फटफटी तर घरागणिक दोन. टपरीवाली सांगत होती, सोयरीक पाहायला आलेले आता धानाची शेती किती ते नंतर विचारतात, पहिले विचारतात दारात चारचाकी आहे का.
मी नोकरीला लागले तेव्हा याच गावात लोक खिडकीतून दुपट्टे टाकून जागा धरायचे. मी टपावर चढलेल्यांना खाली ओढायची.
पोलीस पाटील बाबूराव भाऊ, बोटात चावी फिरवत उभे. मला म्हणाले, "बाई, गाडी टाइमावर आणत जा. गावाची इज्जत आहे."
म्हटलं, "भाऊ, तुम्ही कधी बसले होते शेवटचे?"
"आमाले कायले लागते?"
घ्या! दसऱ्याला मात्र हेच लोक गाडीला झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, र.भाऊला टोपी-उपरणं देतात. हार घातला की झालं. बसायचं कोणी?

१५ जानेवारी, गुरुवार
मोहटोल्याच्या करिश्माचा पास संपला होता. तिला म्हटलं, "आज जाऊ दे, उद्या नवीन काढून आण." दहावीत आहे. बाकीच्या दोघी नववीत. करिश्मा माझ्या मागच्या सीटवर बसते आणि विज्ञान मोठ्याने वाचते. आम्ल, आम्लारी, निळा लिटमस, लाल लिटमस. र.भाऊला सगळं पाठ झालं. गिअर टाकताना म्हणतो, "उदासीन."
मोहटोला म्हणजे जेमतेम वीस घरं. दोन फटफट्या, त्याही एकाच घरच्या. शाळा अठरा किलोमीटर, मधे सगळं जंगल. सरकारच्या सायकली आहेत, पण नाल्याजवळ पिल्लंवाली वाघीण फिरून राह्यली, म्हणून फॉरेस्टवाल्यांनी सकाळी पायी आणि सायकलने जाऊ नका म्हणून बोर्ड लावलाय. म्हणजे ही गाडी आहे तर शाळा आहे.

२० जानेवारी, मंगळवार
डेपोत नोटीस. ज्या फेऱ्या रिकाम्या धावतात त्यांची तपासणी होणार. वरून साहेब येणार, गाडीत बसून माणसं पाहणार. ज्या गाडीत माणूस नाही ती बंद. यादीत आमची फेरी पहिलीच. देवलगुडा, सकाळ.
र.भाऊने नोटीस दोनदा वाचली. आज थट्टा नाही. "मले दुसरी फेरी भेटन, तुले बी भेटन," एवढंच म्हणाला. पोरींचं नाव दोघांनी घेतलं नाही.

२३ जानेवारी
घरी ह्यांचं चारचाकीचं चालूच. बल्लारपूरला मिलमध्ये सगळ्यांनी घेतल्या म्हणे, पावसाळ्यात फटफटीवर भिजत जाणारे हे एकटेच राहिले. मी म्हटलं, मी बसची कंडक्टर आणि माझ्या दारात कार? लोक काय म्हणतील!
हे म्हणाले, "तू स्वतः डेपोत स्कूटीवर जातेस. मग?"
पहाटे पाचला मला डेपोपर्यंत नेणारी बस नाही, म्हणून बसवर ड्यूटीला जाणारी मी स्कूटीवर. भाजीत मीठ जास्त पडलं. पडू दे.

२८ जानेवारी, बुधवार
राहवलं नाही. बाबूराव भाऊंना गाठलं आणि सगळं सांगितलं. बंद होणार म्हटल्यावर माणूस खरंच हादरला. "आमच्या बापानं गिट्टी फोडून हा रस्ता केला का नाई, या गाडीसाठी! बंद कशी होते?" मग टपरीवर पाच-सात जण जमले. चावीवाले सगळे. कोणी म्हणे आमदाराकडे जाऊ, कोणी म्हणे रस्ता अडवू.
मीच बोलले. "एवढं काही करू नका. साहेब येईल त्या दिवशी गाडीत बसा."
बाबूराव भाऊंनी मांडीवर थाप मारली. "बाई, गाडी अशी भरून देतो, साहेब खाली उतरला पाह्यजे!"
परत येताना उगाच हलकं वाटत होतं. र.भाऊला सांगितलं. तो म्हणे, "एक दिवसाची वरात." मी म्हटलं, तुझं तोंडच वाकडं.

२ फेब्रुवारी, सोमवार
तपासणी गुरुवारी. डेपोतल्या क्लार्कने हळूच सांगितलं. देवलगुड्याच्या ग्रुपवर निरोप गेला. बाबूराव भाऊंचा फोन, "दवंडी बी देली बाई, जुन्या मानसाईसाठी."

३ फेब्रुवारी
करिश्मा म्हणाली, "बाई, परवा माह्यं प्रॅक्टिकल हाये." मी म्हटलं, छान कर. तिकिटाच्या मशीनचा रोल अडकला होता, तो काढत होते.

५ फेब्रुवारी, गुरुवार
लिहायला बसले खरी.
देवलगुड्यात गाडी वळवली आणि पाहते तर जत्रा! म्हाताऱ्या नऊवारीत, बायका लग्नातल्या साड्यांत, एकजण फेटा बांधून. कोणीतरी गाडीला हार घातला, नारळ फोडला. तपासणीचे साहेब पुढच्या सीटवर, हातात कागद. अर्ध्या तिकीटवाल्या बायका, फुकटवाले म्हातारे, पूर्णवाले पुरुष, मशीन गरम झालं. सगळ्या सीटा भरल्या, मधली वाट भरली, दारात माणसं. बाबूराव भाऊ स्वतः दांड्याला धरून उभे. किती वर्षांनी, कोणास ठाऊक. मला खूण केली, बघ म्हणून. मला खरंच भरून आलं. मागच्या खिडकीतून पाहिलं तर गावातल्या पाच कार बसच्या मागे निघालेल्या, रिकाम्या. तालुक्याला चहा पिऊन झाल्यावर यांना परत आणायला!
मोहटोला फाटा. तिघी उभ्या. करिश्माच्या हातात प्रॅक्टिकलची वही, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली.
र.भाऊने वेग कमी केला, आरशातून माझ्याकडे पाहिलं. दारात बोट शिरेल एवढी जागा नाही. साहेबांनी मान वळवून म्हटलं, "बाई, आता ओव्हरलोड होईल हं. लिहावं लागेल." ओव्हरलोड लिहिलं तर तोही शेराच.
मी डबल बेल दिली.
दोन टोले. गाडी पुढे गेली.
मागच्या पाची कारही गेल्या. मी खिडकीतून पाहत होते, एक तरी थांबेल. नाही थांबली. देवलगुड्याचा पुरुष एकटा गाडीत असला की मोहटोल्याच्या पोरी बसवत नाही, आणि पोरीही बसत नाहीत. गावात नाव निघते. बाबूराव भाऊंना नंतर विचारलं तर हेच म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते.
साहेबांनी उतरताना सांगितलं, "फेरी उत्तम आहे."

रोज रिकामी गाडी घेऊन फिरणारी मी. तीन जागा राखून ठेवायचं डोक्यातच आलं नाही. जागा राखायची सवयच गेली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
फाट्यावर कोणी नाही. गाडी थांबवली. र.भाऊने दोनदा हॉर्न दिला.
देवलगुड्याहून आज चार माणसं. फेटेवाला त्यात नाही.

७ फेब्रुवारी
आजही नाही. ह्यांनी शेवटी कार घेतलीच, आज डिलिव्हरी. मी ड्यूटीवरून सरळ शोरूममध्ये, खाकी कपड्यांतच. पांढरी, सेकंड हँड, पण ह्यांचा चेहरा उजळलेला. हळदकुंकू लावलं. फोटोत मी हसले नाही म्हणून हे रागावले.

८ फेब्रुवारी, रविवार
सुटी. ह्यांना म्हटलं, मोहटोल्याला चला. हे खूश, नव्या गाडीचा पहिला फेरा.
करिश्माचं घर वस्तीच्या टोकाला. आई सुमनबाई अंगणात मोहाच्या फुलांसाठी जागा सारवत होती. मी कारमधून उतरले. तिने आधी कारकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"तुमी बी घेतली का?"
हे मागे उभे, चावी खिशात घातली.
मग ती बोलली आणि थांबली नाही. "आमच्या पोरी त रोज बसते ना बाई तुमच्या गाडीत! थे देवलगुड्याचे लोक एक दिवस बसले, त आमच्या पोरी खाली? काऊन? मी त पाठवत नाई आता. थ्या दिवशी पायी निंगाल्या होत्या तिघी, पेपर हाये म्हणून. नाल्यापाशी फॉरेस्टचा मानूस भेटला म्हणून वापस आल्या. नाई भेटला असता त?"
मी माफी मागितली. तिने ऐकलं नाही असं नाही, पण सारवायचं थांबवलंही नाही. करिश्मा दारात होती, आत गेली. दुसऱ्या दोघींना त्यांचा काका फटफटीवर ट्रिपल सीट नेतो म्हणे, पण तोही धानाच्या गिरणीवर कामाला, रोज जमत नाही. करिश्मा घरीच.
येताना हे म्हणाले, "चांगल्या कामाला निघाली होतीस तू." मी म्हटलं, गाडी हळू चालवा, वळण आहे. मग रस्ताभर मी रडले. ह्यांनी रेडिओ बंद केला.

९ फेब्रुवारी, सोमवार
फेरी संपल्यावर शाळेत गेले. मुख्याध्यापक चांगला माणूस. प्रॅक्टिकल पुन्हा घेता येते म्हणे, अजून मुदत आहे, पण कारण लेखी लागते. "गाडी आलीच नाही, की आली आणि थांबली नाही? डेपोच्या शिक्क्यानिशी आणा बाई. पोरीच्या अर्जाला बोर्ड विचारत नाही."
घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "पंक्चर झाली म्हणून लिहून दे."
"गाडीत तपासणीचे साहेब बसले होते ना! पंक्चर कसं लिहू?"
खरं लिहिलं तर डेपोत विचारतील, रोज सात माणसं असणारी गाडी त्याच दिवशी एवढी कशी भरली. मग फेरी जाते. नाही लिहिलं तर पोरीचं प्रॅक्टिकल जाते. प्रॅक्टिकल गेलं तर दहावीच गेली म्हणायची. आणि फेरी गेली तर अकरावीला ही जाणार कशाने? माझ्याने धड विचार होत नाही. पोळ्या करपल्या.

१० फेब्रुवारी, मंगळवार
लिहिलं. चार ओळी. "गाडी पूर्ण भरलेली असल्याने मी वाहक या नात्याने डबल बेल दिली व फाट्यावरील तीन नियमित विद्यार्थिनी घेतल्या नाहीत." खाली सही. र.भाऊ कागद वाचून म्हणाला, "पेन दे." म्हटलं, तुझा काय संबंध. "बेल तू देल्ली, ब्रेक माह्या पायाखाली होता." त्यानेही सही केली. निवृत्तीला वर्ष उरलंय त्याचं. सकाळपासून याच्याशी तोंड वाजवणारी मी, हात जोडावेसे वाटले.
डेपो मॅनेजरनी कागद वाचला, चष्मा काढला. "बाई, गाडी एवढी काऊन भरली होती? लग्न होतं का गावात?"
हो म्हणायचं होतं. एक शब्द. जीभ वळली नाही. सांगून टाकलं, दवंडीपासून.
ते बराच वेळ टेबलावरची घंटी फिरवत बसले. "तुमचीच फेरी तुमी मारून राह्यल्या. मले वर कळवा लागते."
"कळवा. पण शिक्का आज मारा."
शिक्का मारला. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले. शिवी असेल. मी कागद घेऊन शाळेत पळाले.

१२ फेब्रुवारी
मला मेमो, र.भाऊला मेमो. उत्तर सात दिवसांत द्यायचं. त्याने दोन्ही मेमो घडी करून एकाच खिशात ठेवले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
देवलगुड्याला टपरीवर चहा मिळाला नाही. म्हणजे दिला, पण कप आपटून. बाबूराव भाऊ आले. "बाई, आमी तुमच्यासाठी गाव गोळा केलं आन् तुमी आमालेच नागडं केलं डेपोत!"
मला संताप आला. म्हटलं, "माझ्यासाठी? माझी ड्यूटी कुठेही लागेल भाऊ. गाडी तुमच्या गावाची होती. एक दिवस बसले आणि त्यातही परत यायला कार घेऊन आले!"
लोक पाहत होते. ते म्हणाले, "मंग काय चालत यावं?" आणि त्यांना खरंच समजत नव्हतं. मला त्यांचा राग धरता येईना. माझ्या दारातही पांढरी उभी आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार
करिश्माचं प्रॅक्टिकल झालं. मुख्याध्यापकांचा फोन. ती त्या दोघींच्या काकाच्या फटफटीवर गेली, त्याचा अर्धा दिवस बुडाला. मी डेपोत पेढे वाटले नाहीत, वाटावेसे वाटले होते. र.भाऊला सांगितलं. "उदासीन" म्हणेल वाटलं. त्याने फक्त रुमालाने आरसा पुसला.

१८ फेब्रुवारी
सुमनबाईंना निरोप पाठवला. फाट्याजवळ राहणाऱ्या टपालवाल्याच्या हाती. पोरींना पाठवा, गाडी थांबेल. मी शब्द देते.
उत्तर नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
वरून पत्र. आधीचा अहवाल रद्द. तपासणी पुन्हा होणार, या वेळी तारीख कळवणार नाहीत. साहेब कोणत्याही दिवशी साधा माणूस म्हणून फाट्यावरूनही बसू शकतील. तोपर्यंत फेरी चालू.
र.भाऊ म्हणे, आता जो कोणी अनोळखी चढेल त्याला साहेब समजायचं. दुपारच्या फेरीला एक कोंबडीवाला चढला, त्याला मी सुटे पैसे नसतानाही काही बोलले नाही.
आज देवलगुड्याचे पाच. पाचवी टपरीवाली, तालुक्याला दवाखान्यात. बाबूराव भाऊ कारमधून समोरून आले, हात केला नाही. मीही नाही.

२१ फेब्रुवारी
मेमोचं उत्तर लिहिलं. खरं तेच. एक वेतनवाढ थांबेल म्हणतात. हे म्हणाले, थांबू दे. मग स्वतःच भात लावला.

२३ फेब्रुवारी, सोमवार
धुकं. देवलगुड्याहून चार. नाल्याचं वळण घेतलं आणि र.भाऊ पुटपुटला, "या अल्ला."
मोहटोला फाटा. तिघी आल्या होत्या. रस्त्याच्या कडेला नाही. मधोमध, डांबरावर, एकमेकींचे हात धरून. करिश्मा मधे.
त्याने लांबूनच ब्रेक लावला, हॉर्न दिला. हलल्या नाहीत. गाडी त्यांच्यापासून चार हातांवर थांबली, इंजिन घरघरत होतं. तरी नाही. आतून एकजण ओरडला, "अवो पोरीहो, मराचं हाये का?" कडेला सुमनबाई उभी होती, डोक्यावर पदर. तीही जागची हलली नाही.
मी दार उघडून खाली उतरले, गाडीच्या पुढे गेले. म्हटलं, "चला गं, थांबली आहे गाडी."
करिश्माने माझ्याकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं. "आमी पहिले चढतो. मंग तुमी चढा."
मी बाजूला झाले. एक चढली, दुसरी चढली, मग ती. सीटवर बसल्याचा आवाज आला तोवर मी रस्त्यावरच उभी होते. मग मी चढले.